वाचणारं मशीन

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

आज मेलं एकदाचं. सकाळी सीडी घालायला बटण दाबलं तर ट्रे अर्ध्यावर आला आणि जीभ काढल्यासारखा तिथेच थांबला. दुकानातून फ्रेमचे बारीक पेचकस आणून सगळं उघडलं. आतल्या चक्राचे दात गेलेत. सुटा भाग मिळायचा नाही, कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलंय.

बारा वर्षांत एकेक वस्तू जमवून ही खोली उभी केली. अॅम्प्लिफायर मुंबईहून आणला. स्पीकर आले सुटे, त्यांची खोकी महाडच्याच सुताराकडून माझ्यासमोर करून घेतली. डॅक, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारा डबा, सिंगापूरहून एकाने आणून दिला. त्यामुळे हे जुनं प्लेअर फक्त ट्रान्सपोर्टचं काम करत होतं. सीडी फिरवायची, तिच्यावरचं वाचायचं आणि वाचलेलं डॅककडे पाठवायचं, बस्स. लोकांना वाटतं यात काय मोठंसं? माझ्यासारख्या चष्मेवाल्याला विचारा. मुळात वाचण्यातच चूक झाली तर पुढच्यांनी काय डोंबल करायचं?

तर ठरलं. नवीन चांगला ट्रान्सपोर्ट आपल्याला परवडायचा नाही, तेव्हा जुना घ्यायचा. पण जातिवंत घ्यायचा, जड लोखंडी बैठकीचा. ह्या वेळी तडजोड करणार नाही म्हणजे नाही.

बुधवारी बायकोला, गोदाला, गळ्याची गाठ दाखवायला पुण्याला न्यायचंय. किरकोळ आहे. त्याच फेरीत दोनतीन ठिकाणी मशीनची चौकशी करता येईल.

६ ऑक्टोबर, बुधवार (पुणे)

सर्जन शांत माणूस आहे. गळ्यातली ग्रंथी अर्धी काढावी लागेल म्हणाला. दिवाळीनंतर, अठरा नोव्हेंबरला. मग पेन खाली ठेवून गोदाला म्हणाला, "तुम्ही गाता, म्हणून आधीच सांगतो. आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही जपतोच. पण आवाज बदलू शकतो, क्वचित जातोही."

गोदा म्हणाली, "बरं." एवढंच. मी विचारलं, क्वचित म्हणजे किती? तो म्हणाला, "अवधूतराव, ज्याचा जातो त्याचा पूर्णच गेलेला असतो." हे काय उत्तर झालं? मला असली माणसं आवडत नाहीत.

दुपारी मशीनं पाहिली. पहिलं जपानी, वरून झाकण उघडणारं. मालक तबला वाजवल्यासारखा त्याच्या पाठीवर थापा मारून "सॉलिड आहे काका, सॉलिड" करत होता. मी खिशातलं भिंग काढून आतली लेन्स पाहिली तर तिच्यावर बारीक ओरखडा. कोणीतरी कापसाऐवजी रुमाल फिरवलाय. मालक म्हणाला, "काका, हा चष्मा नाहीये." म्हटलं, बाबा रे, लेन्स ती लेन्स. दुसरं इंग्लंडचं, दिसायला देखणं, पण चकती धरणारा चाप ढिला. तिसऱ्याचा मालक भेटलाच नाही. परत निघालो तेव्हा डोकं भणभणत होतं, पण चार तास दुसरा कसलाही विचार मनात आला नाही.

तेवढ्या वेळात पुण्यात राहणारी आमची इरा आईला घेऊन मैत्रिणीच्या स्टुडिओत जाऊन आली. गोदाने तीन गाणी रेकॉर्ड केली. यमन, भैरवी आणि इरा लहान असताना तिने स्वतःच रचलेला पाळणा. ऑपरेशनच्या आधीचा आवाज असावा म्हणून. इरा त्याची कॉम्प्युटरवर सीडी करून पाठवणार आहे. चांगली कल्पना आहे. मला आधी सांगितलं असतं तर माइक कुठे ठेवायचा ते तरी सांगितलं असतं.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

सीडी आली. इराने वर स्केचपेनने 'आई' असं लिहिलंय.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर गोदा माझ्या खोलीच्या दारात उभी. म्हणाली, "अहो, ऑपरेशनच्या आधी एकदा तुमच्या खोलीत लावा ही. मोठ्या स्पीकरवर. तुम्ही बसा, मीपण बसते. एवढंच हवंय मला."

म्हटलं, अगं लावणारच! पण लावू कशावर? येणाऱ्या मशीनवर पहिली सीडी तुझीच लावणार. कुठल्याही फडतूस डब्यावर तुझा आवाज ऐकायचा नाही मला.

"म्हणजे कधी?"

"येईल गं. अठराला अजून महिना आहे."

तिने ती सीडी डॅकवर ठेवली. डॅक तापतो, म्हणून मी उचलून फळीवर ठेवली.

तिचं गाणं मी ऐकलेलं नाही अशातला भाग नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हापासून मागच्या खोलीत तिचा क्लास चालतो. मुली येतात, पेटी वाजते, कानावर पडतंच. फक्त मी ऐकायला बसलो की माझं दार लावून घ्यावं लागतं, नाहीतर तिची पेटी माझ्या गाण्यात घुसते.

१६ ऑक्टोबर, शनिवार

दुकानात गर्दी. उमरठच्या वरच्या वाडीतून विठाबाई आल्या होत्या. शेरडं आणि भातशेती, दुसरं काही माहीत नाही. समोर तक्ता दाखवला तर म्हणाल्या, "भिंतीवरचं कशाला रे दाखवतोस मला? मला काय भिंत वाचायची हाय? माझ्या भातात खडे राहतात, सून बोलते."

ह्यासाठी मी टेबलाखाली एक लहान सूप ठेवतो. त्यात मूठभर तांदूळ, आणि मुद्दाम मिसळलेले पांढरे खडे. लिहितावाचता न येणाऱ्या बायांना तेच पुढे करायचं. भिंगं बदलत जायचं आणि विचारायचं, "मगाशी बरं की आता बरं?" विठाबाईंनी चारपाच भिंगांवर "आता, आता" केलं. शेवटी खडे वेचून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "आता दोन्ही सारखंच दिसतंय रे." माणूस "दोन्ही सारखंच" म्हणाला की मी थांबतो. त्याचा अर्थ नंबर बसला. तोच लिहायचा.

मागे चंदू बसला होता, पोलादपूरचा मंडप-लाउडस्पीकरवाला. त्याला आता जवळचं दिसत नाही, लग्नात भलतंच बटण दाबतो. मशीनचं ऐकून म्हणाला, "डॉक्टर, माझं घ्या की! मागं तुमचं ते डॅकला जोडायचं डिजिटलचं भोक पन हाय. दुबईवरनं आलेलं हाय, काय पन वाचतंय. मुंबईची पोरं कसल्या कसल्या कॉप्या करून आनतात, सगळ्या वाचतंय."

ते मशीन मी एका पूजेत पाहिलंय. बटणांच्या फटीत हळद, वर उदबत्तीची राख, चकती फिरताना डुगडुगते. म्हटलं, चंदू, तुझं मशीन वरातीत शोभतं, तिथेच राहू दे. तो हसला. राग मानणारा माणूस नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

सापडलं!

खेडचे देवव्रतराव, जहाजावर इंजिनिअर होते. आता मुलीकडे म्हैसूरला कायमचे जायचेत, म्हणून सामान काढतायत. स्वित्झर्लंडचा ट्रान्सपोर्ट. वरून झाकण, खाली जाड बैठक, उचलताना मला दम लागला. झाकण लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज येतो. लेन्स भिंगाने पाहिली, ओरखडा नाही.

गोदाही आली होती. तिला मुद्दाम आणलं, सारखी घरात बसून असते. मी माझ्या तपासणीच्या तीन सीड्या नेल्या होत्या. सारंगीची, तबल्याची आणि विलायती वाद्यवृंदाची. ह्या मला तोंडपाठ आहेत, कुठे काय ऐकू यायला हवं ते ठाऊक आहे. देवव्रतरावांचं दुसरं साधं प्लेअरही शेजारी लावलं आणि आलटून पालटून ऐकलं. मगाशी बरं की आता बरं? काही प्रश्नच नव्हता. स्विसवर तबल्याची शाई ऐकू येत होती.

गोदाने पर्समधून तिची सीडी काढली. "हीपण लावून बघा ना."

म्हटलं, दुसऱ्याच्या घरी कशाला? आपल्या घरी ऐकू, निवांत. तिने परत ठेवून दिली. देवव्रतराव म्हणाले, "वहिनींची आहे का? लावा की." पण मला घाई होती, घाटात अंधाराआधी पोचायचं होतं.

एकच अडचण. दिवाळीला त्यांचे मुलगे येणार, त्यांना शेवटच्या दिवाळीत गाणी त्याच मशीनवर ऐकायचीयत. चौदा नोव्हेंबरला ते स्वतः गाडीतून आणून देतील. म्हणजे ऑपरेशनच्या आधीच. बसतंय गणित.

येताना कशेडी घाटात ट्रक आडवा झालेला, तास-दीड तास एका जागी. गोदा खिडकीकडे बघत काहीतरी गुणगुणायला लागली. माझ्या कानात त्या मशीनचा आवाज अजून ताजा होता, तो तसाच घरी न्यायचा होता. म्हटलं, जरा गप्प बस ना. गप्प बसली. मग महाड येईपर्यंत बोललीच नाही. दमली असणार.

८ नोव्हेंबर, सोमवार

इरा दिवाळीला आलीय. फराळाला बसलो तर म्हणाली, "बाबा, चंदूकाकांचं मशीन दोन दिवस आणा ना. आईचं ऐकून टाकू." म्हटलं, आठवड्यावर आलंय माझं मशीन, आता कशाला ती हळदीची भानगड? तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्या ताटात चकली वाढली. ह्या दोघींचं हल्ली असंच चालतं, माझ्या पाठीमागे नजरेने बोलतात.

गोदा ह्या महिन्यात फार गातेय. पहाटे उठून रियाज, दुपारी मुली, संध्याकाळी परत तानपुरा. म्हटलं, अगं, गळ्याला आराम दे. म्हणाली, "आराम पुढे आहेच."

मला हे बोलणं आवडलं नाही. ऑपरेशन किरकोळ आहे. डॉक्टर 'क्वचित' म्हणाला होता. क्वचित म्हणजे क्वचितच.

१४ नोव्हेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाहीये, तरी लिहितो.

देवव्रतराव सकाळी मशीन घेऊन आले, दोघांनी मिळून फळीवर चढवलं, चहा पिऊन ते गेले. दुपारभर तारा जोडल्या, फळीची पातळी सारखी केली. पहिली सीडी गोदाची लावायचं मी कबूल केलं होतं. पण मशीन गाडीतून हादरत आलेलं, म्हणून आधी खात्रीसाठी सारंगी लावली. काय सांगू! खोलीच्या भिंती मागे सरकल्या. मग तबला लावला. मग आणखी एक. दिवेलागण झाली तेव्हा गोदाला हाक मारली.

ती साडी बदलून आली होती. हिरवी, इरकल. केसात गजरा. माझ्या खुर्चीच्या शेजारी आपली खुर्ची ओढून बसली, हात मांडीवर ठेवून, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी. मी तिची सीडी ठेवली, तिजोरी लावली, बटण दाबलं.

चकती फिरली. थांबली. परत फिरली. पडद्यावर 'नो डिस्क'.

काढली, पुसली, ठेवली. नो डिस्क. लेन्स माझ्या दुकानच्या द्रावाने साफ केली. नो डिस्क. सारंगी लावली तर लगेच वाजायला लागली. ती बंद केली. गोदाची परत लावली. किती वेळ हे चाललं कोण जाणे. ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "राहू द्या हो."

मला कळलंय काय झालंय ते. कॉम्प्युटरवर केलेली सीडी छापील सीडीइतकी चकाकत नाही, तिच्यावरून उजेड कमी परत येतो. ह्या मशीनचा लेझर म्हातारा झालाय. ठळक छापलेलं घडाघडा वाचतो, हाताने लिहिलेलं त्याला दिसत नाही. रोज अशी चार माणसं माझ्यासमोर बसतात आणि मला भिंग लावून आतली लेन्स बघूनही हे कळलं नाही.

म्हटलं, उद्या सकाळी चंदूकडे जातो. म्हणाली, "उद्या मुलींना निरोप द्यायचाय, परवा सकाळी निघायचंय. आता नको धावपळ. तुम्ही बॅग भरायला या."

मी बॅग भरायला गेलो. खूप राग आला होता. कोणाचा ते लिहीत नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार (पुणे)

झालं. गाठ साधी आहे. देवा.

२१ नोव्हेंबर, रविवार (पुणे)

आवाज नाही. बोलते ती नुसती हवा. कानाजवळ तोंड आणून बोलते तेव्हा कळतं.

सर्जन म्हणाला नस तुटलेली नाही, दुखावलीय. बोलण्यापुरता आवाज काही महिन्यांत येईल. गाण्याचं विचारलं तर म्हणाला, "त्याचं मी छातीठोक काही सांगणार नाही." तेव्हा मला त्याचा राग आला नाही. खोटं बोलला असता तर आला असता.

गोदाने पाटीवर लिहिलं, 'घरी चला. मुलींची परीक्षा आहे.'

आज कबूल करतो. दीड महिना मी मशीन शोधत नव्हतो. मला भीती वाटत होती आणि तिच्याजवळ बसून ती सोसवत नव्हती, म्हणून मी पुण्याला आणि खेडला आणि कुठे कुठे लेन्सा बघत हिंडत होतो. तिला एक संध्याकाळ हवी होती. ती माझ्या हातात होती.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार (महाड)

इराने तीच गाणी दुसऱ्या सीडीवर सावकाश उतरवून पाठवली. तशी केली तर जुनी मशीनं वाचतात म्हणे. आमचं वाचत नाही. ती म्हणते पुण्याला या, माझ्याकडे कॉम्प्युटरवर ऐका. गोदाने मान हलवून नको म्हटलं. पाटीवर लिहिलं, 'तुमच्या खोलीत.'

क्लास सुरू केलाय तिने. मुली गातात, ती पेटीवर सूर देते, चुकलं की बोटाने टेबलावर वाजवते. आज दुकानात गेलो नाही, घरीच होतो. माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून बसलो. एक मुलगी एकाच जागी परत परत चुकत होती. गोदाने तोंड उघडलं, गाऊन दाखवायला, सवयीनं. आणि मिटलं.

मी उठून उगाच अंगणात गेलो.

संध्याकाळी थोडा वेळ दुकान उघडलं तर विठाबाई दारात. चष्म्याची दांडी सैल झालेली. बसल्या बसल्या म्हणाल्या, "आता खडा नाय राहात रे डॉक्टर. सून गप झाली." मी दांडी आवळत होतो, हात थांबला. ह्या बाईला मी भिंतीवरचा तक्ता बाजूला सारून तांदूळ निवडायला दिला. तिला जे बघायचं होतं तेच दाखवून नंबर काढला. आणि स्वतःच्या घरी? सारंगी, तबला, विलायती वाद्यवृंद. सगळा तक्ता. तांदूळ बायकोच्या पर्समध्ये होता, तिने काढून पुढेही केला होता, आणि मी म्हटलं दुसऱ्याच्या घरी कशाला.

विठाबाई म्हणाल्या, "काय झालं रे? वहिनी बऱ्या हायत ना?" म्हटलं, हायत.

उद्या पोलादपूर. चंदू कुठल्या लग्नात असेल तिथे जाऊन गाठायचा, पण मशीन आणायचं. पुण्याहून नवीन आणता येईल, पण आता तिला सोडून दोन दिवस कुठे जाणार नाही.

२७ नोव्हेंबर, शनिवार

महाडच्या बाजारातून नवीन व्हीसीडी प्लेअर घेतलं. ह्याला मागे डिजिटलचं भोक नाही, म्हणून माझ्या कामाचं नाही. पण चंदूला रिकाम्या हाताने 'तुझं मशीन दे' कसं म्हणायचं? तुळशीची लग्नं लागली, त्याचा हंगाम सुरू झालाय.

चंदू गोदामाच्या दारात टेम्पो भरत होता. कर्णे, तोरणं, खुर्च्या. मला बघून म्हणाला, "डॉक्टर, वरातीतलं मशीन न्यायला तुमी? खरं?"

म्हटलं, खरं. मागे बोललो ते विसर.

"मी कवाच विसरलो. पर आज लग्न हाय वो, सडवलीला."

मी खोका पुढे केला. त्याने उघडून पाहिला आणि एकदम खूश. "आयला, ह्याच्यात नवरा-नवरीचं पिच्चर पन दिसंल!" मग थांबला. "पर माझं जुनं तुमाला कशाला? नवं द्यायचं आनि जुनं घ्यायचं, डोकं बिकं ठीक हाय ना?"

म्हटलं, ठीक आहे. आधी माझी एक सीडी लाव.

ह्या वेळी तपासणीच्या सीड्या घरीच ठेवल्या होत्या. एकच आणली होती. त्याने फुंकर मारून राख उडवली, मशीन खुर्चीवर ठेवलं, माझ्या बायकोची सीडी आत घातली. चकती डुगडुगली. मी पडद्याकडे बघत होतो. कशेडी उतरताना ब्रेक गेला तरी माणूस एवढा घाबरणार नाही.

आकडा आला. ३. तीन गाणी.

चंदू वाजवायच्या बटणाकडे गेला तसा मी त्याचा हात धरला. "नको. इथे नको."

"अवो, ऐका तरी! वाजतंय का नाय बघायला नको?"

"वाचलं ना? बस्स."

चंदू माझ्या तोंडाकडे बघत राहिला. गोदाच्या आवाजाचं त्याला कळलेलं असणार, पोलादपूर ते महाड काय लांब आहे? त्याने मशीन पंच्यात गुंडाळलं आणि स्वतः एसटीपर्यंत आणून दिलं. खिडकीतून म्हणाला, "डॉक्टर, ते जरा हळूच वाचतंय. घाई नका करू त्याला."

२८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी स्विस मशीन खाली उतरवलं. कंबर धरली. त्याचं पुढे काय करायचं ते बघू. त्या जागी चंदूचं ठेवलं. हळद निघेल तेवढी काढली, थोडी फटीत राहिली, राहू दे. तार डॅकला जोडली.

दुपारचा चहा झाल्यावर गोदाला हाक मारली. ती घरच्या साडीतच आली, हात ओले होते, पदराला पुसत. गेल्या वेळचा गजरा मला आठवला. तिने दार लावायला हात नेला, सवयीनं, माझ्या खोलीत दार लावून ऐकतात म्हणून. मी म्हटलं, उघडंच असू दे.

बटण दाबलं. चकती फिरली, डुगडुगली. चंदू म्हणाला तसा मशीनने वेळ घेतला.

आधी स्टुडिओतली शांतता. मग इराचा आवाज, "आई, झालं?" आणि मग गोदा, स्वच्छ, मोठ्यानं, खोलीच्या बरोबर मध्यभागी. "थांब गो, चष्मा पुसू दे."

माझ्या शेजारी गोदाने आपला चष्मा काढला आणि पदराने पुसला. मला वाटतं तिला कळलंही नाही.

मग यमन.

मी दर वेळी ऐकून झालं की इथे लिहितो, खर्ज कसा, झांज कशी, गाणारा किती मागे उभा वाटतो. आज त्यातलं काही ऐकलं नाही. तिचा श्वास ऐकला. तानेच्या आधी ती किंचित थांबते, मनात काहीतरी ठरवल्यासारखी, आणि मग निघते. अठ्ठावीस वर्षं ती माझ्या दारापलीकडे असं थांबत होती आणि निघत होती. भैरवीत माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते मी पुसलं नाही. पाळण्यात मागच्या खोलीतली लहान इरा दिसायला लागली, पाय झाडणारी. तेव्हाही मी दार लावून घ्यायचो.

सीडी थांबली. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. आम्ही दोघंही उठलो नाही. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, माफी मागायची होती, काय काय बोलायचं होतं, आणि घशातून काहीच येईना. माझाच आवाज गेला.

गोदा माझ्याकडे वळली. तिने माझा हात आपल्या गळ्याशी, पट्टीच्या खाली धरला, आणि त्या नुसत्या हवेतून विचारलं, "मगाशी बरं की आता बरं?"

ती चेष्टा करत होती. डोळे हसत होते. पण ती उत्तराची वाट बघत होती, चष्म्याच्या खुर्चीत माणसं बघतात तशी.

मी म्हटलं, "दोन्ही सारखंच."

तिने माझा हात सोडला आणि कुजबुजली, "मग लिहून टाका नंबर."